नऊ घंटांचा पट्टा

२ जानेवारी, बुधवार

वेलिच्को आला होता. बूट न झटकता थेट आत! पन्नाशीला आला, तरी पायपुसणं कशासाठी असतं ते त्याला उमगलेलं नाही. सातवीत माझ्या वर्गात यायचा तेव्हाही तसाच.

टोपी हातात धरून उभा. "बाई, चौदाला सुर्वा, मुखवटे घालून घरोघर नाचायचंय. टोळीत एक माणूस कमी पडतोय. भाचा जर्मनीहून आलाय, नाचायला तयार आहे, पण कंबरेला बांधायला घंटा नाहीत. ल्यूबेनकाकांचा पट्टा शेडमध्ये नुसता लटकलाय..."

"ल्यूबेनलाच विचार की," मी म्हटलं आणि जीभ चावली.

ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याला, ल्यूबेनला, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात दोन्ही परत येतील, थोडीथोडी. पण महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. भरवलं तर दोन घास. व्यायाम करून घ्यायला पेर्निकहून रालित्सा येते, ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "मावशी, पाय चालेल त्यांचा. पण त्यांनाच नकोय. वसंतापर्यंत असेच पडून राहिले, तर मग उठायचे नाहीत." हे तीन वाक्यांत सांगितलं. माझ्या विद्यार्थिनीसारखी!

वेलिच्को आत जाऊन पाठीशी बोलून आला. पाठ गप्प. मी पट्टा द्यायचं कबूल केलं. मला काय त्याचं? एकेचाळीस वर्षं मी त्या पट्ट्याचा द्वेष केलाय.

३ जानेवारी, गुरुवार

असली घाण वस्तू कुणाच्या हाती द्यायची? सकाळी पट्टा उतरवला. नऊ घंटा, सगळ्यांवर तीस वर्षांचा मेणचट थर. चामडं वाळून तडकलेलं. सगळ्या घंटा सोडल्या, व्हिनेगर आणि राखेनं घासल्या. तीन तास! नवा पट्टा आणला, त्यावर घंटा ओवल्या — लहानापासून मोठीपर्यंत, ओळीनं, वर्गात मुलं उंचीनं उभी करतात तशा. जुन्यात काही शिस्तच नव्हती. मोठीशेजारी छोटी, मध्येच मधली. मला तर वाटलं, इतकी वर्षं कुणी हे नीट का केलं नाही!

खोलीत नेऊन त्याच्यासमोर हलवला. म्हटलं, बघ, चकाकतोय.

ल्यूबेननं मान वळवली. महिन्यात पहिल्यांदा! पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि असा चेहरा केला की जणू मी त्याचा दात उपटून घासूनपुसून बशीत आणलाय. पुन्हा भिंत. जेवला नाही. दोन घासही नाहीत.

दुपारी वेलिच्कोनं पट्टा उचलून एकदा झटकला आणि खुर्चीत बसलाच. "बाई... हे काय केलंत? हे तर कपाटातली भांडी पडल्यासारखं वाजतंय."

"उंचीनं लावल्यात."

"घंटा उंचीनं नसतात हो लावत! कोणती कुणाशेजारी बसते, कोणती कुणावर आपटते, त्यावर आवाज ठरतो. ल्यूबेनकाकांनी तीन हिवाळे घालवले जुळवायला. मुखवट्याआड कोण आहे ते आम्ही तोंड बघून ओळखतो का? घंटांवरून ओळखतो. हा आवाज म्हणजे ल्यूबेनकाका होता."

"मग क्रम कुठे लिहून ठेवलाय?"

त्यानं कपाळाला हात लावला. लिहून? कुणी?

म्हणजे तो क्रम फक्त दोन ठिकाणी होता. एक ल्यूबेनच्या डोक्यात, जिथून सध्या काही बाहेर येत नाही. दुसरा त्या पट्ट्यावर, जिथून मी तो व्हिनेगरनं पुसला. छत्तीस वर्षं गणित शिकवलं. वा, बाई, वा!

४ जानेवारी, शुक्रवार

शेजारच्या गेनाकडून नखांचा रंग आणला. (तिनं विचारलं, "कोणासाठी गं?" वय एकाहत्तर, पण आशा सोडत नाही.) घंटांवर आकडे घातले. सर्वांत छोटी १, सर्वांत मोठी ९. शेडमध्ये बसले. पर्याय किती ते मांडलं — तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी. गणिताचा उपयोग इथे संपला.

मग आठवायला बसले. सुर्वाला माझा कार्यक्रम ठरलेला असायचा. खिडक्या बंद, कानात कापूस, समोर मुलांच्या सहामाही वह्या. टोळी गावभर फिरून आमच्या फाटकाशी यायची आणि ल्यूबेन, स्वतःच्याच घरासमोर, बंद खिडकीकडे तोंड करून नाचायचा. बाकी घरांपुढे नाचायचा त्याच्या दुप्पट. मी ते मुद्दाम छळणं समजायचे. कॉलेजात शिकलेल्या बाईचा नवरा शेळीचं कातडं पांघरून, डोक्यावर कोंबडीचे पंख लावून उड्या मारतो! सासूला मी एकदा असंच म्हटलंही होतं. तिनं मला वर्षभर लोणचं दिलं नाही.

आज मात्र शेडमध्ये डोळे मिटले आणि हाताला लागली ती घंटा वाजवली. ही नाही. दुसरी. हो, ही आधी, मग ती बारीक, मग ढोल्या आवाजाची... हात आपोआप पुढे जात होते. चाळीस वर्षं कापूस कुचकामी होता तर!

५-२-८-१-९-३-७-४-६.

पण घंटा बसून वाजत नाहीत. अंगावर बांधून उडी मारली तरच खरा आवाज. सोळा किलो. घरातल्या झग्यावरून पट्टा बांधला, खोलीत गेले, दार लावलं आणि उडी मारली. दोन उड्या. तीन. कपाटातले ग्लास हलले.

ल्यूबेननं मान वळवली. पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग डावा तळवा उलटा करून गादीवर टेकवला. चूक.

पण भिंतीकडे वळला नाही.

५ जानेवारी, शनिवार

सकाळी तोच क्रम पुन्हा एकदा वाजवून पाहत होते, तर वेलिच्को दुकानातून पाव घेऊन जाताना फाटकातून धावत आत. "बाई! ल्यूबेनकाका उठले की काय?"

"उठलेत कुठले. मी होते."

तो जरा वेळ माझ्या झग्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण हाच की आवाज. तंतोतंत."

"ल्यूबेन नाही म्हणतोय."

"असं? मग नसेल." कान खाजवत गेला.

वेलिच्कोला मी गणितात सहापैकी तीन दिले होते. तेही दया म्हणून. त्याच्या कानांवर काय विश्वास ठेवायचा! क्रम बदलला: ५-२-८-९-१-३-७-४-६. तळवा खाली. चूक.

६ जानेवारी, रविवार

योर्दानचा दिवस. गावातले पुरुष पाद्रीनं फेकलेल्या क्रॉससाठी थंडगार पाण्यात उड्या मारतात, मी खोलीत मारतेय. कोण जास्त मूर्ख?

नवी खूण आली — तळवा वर उचलतो, दोनतीनदा. म्हणजे उंच. उडी उंच हवी, घंटा पुरती आपटत नाही, असा मी अर्थ लावला. उंच मारली. खाली आले तेव्हा गुडघ्यातून जो आवाज आला तो दहावी घंटा म्हणून चालला असता.

बटाट्याचं सूप थंड होत होतं. माझे दोन्ही हात पट्ट्याला, भरवणार कोण? बघितलं तर त्यानं डाव्या हातानं चमचा उचलला होता. सगळं सूप संपवलं. अर्धं उशीवर.

८ जानेवारी, मंगळवार

कंबर गेली.

९ जानेवारी, बुधवार

कंबरेला लोकरी पट्टा, त्यावर घंटांचा पट्टा. पहिला क्रम सगळा उलटा करून पाहिला. ६-४-७-३-९-१-८-२-५. चूक. मग मधल्या तिघी बदलल्या. चूक. मी परीक्षेत कधी इतकी कडक नव्हते. किमान अर्धा गुण तरी द्यायचे!

आता तो उशीला टेकून बसतो. मी कुठे उभं राहायचं ते बोटानं दाखवतो — खिडकीजवळ, उजेडात.

१० जानेवारी, गुरुवार

रालित्सा अर्धा तास आधी आली आणि मी सापडले. झगा, लोकरी मोजे, घंटा, घाम. ती दारातच थबकली. मी शक्य तितक्या गांभीर्यानं म्हटलं, "जुळवणी चाललीये."

"थांबू नका मावशी," ती हळूच म्हणाली. "त्यांचा पाय बघा."

पाहिलं. उजवा पाय — तोच, मेलेला — चादरीखाली ताल धरत होता. अंगठा. मग टाच. मी थांबले तर तोही थांबला. मी उडी मारली तर तोही हलला.

रालित्सानं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, सोफिया विद्यापीठात. दुसरं काय सांगणार?

११ जानेवारी, शुक्रवार

गेना कुंपणावर कोपर टेकून उभी. "स्तोयांके, खिडकीतून सगळं दिसतं हं. सदुसष्टाव्या वर्षी वेड लागलं तुला."

"जुळवणी आहे."

"असू दे की. शोभतंय तुला. एकेचाळीस वर्षं उशीर झाला, एवढंच." आणि माझ्या हातात कोबीच्या लोणच्याची बरणी देऊन गेली.

१२ जानेवारी, शनिवार

सहा क्रम. सहाही चूक. उद्या संध्याकाळपर्यंत पट्टा द्यायचाय. शेवटच्या उडीनंतर माझा तोल सुटला. म्हटलं, "घे! हरले मी. तुझा आवाज मी पुसला आणि आता मला तो येत नाही. चाळीस वर्षं दारात येत होता, तेव्हा खिडकी लावून घेतली. आता शोधतेय! दोन गुण. नापास." आणि पट्टा सोडून पलंगाच्या पायाशी बसले. रडले म्हणणार नाही. नाक वाहत होतं.

बऱ्याच वेळानं झग्याला ओढ बसली. उजवा हात! तीन बोटं, ताकद कसली नाही, पण झग्याची कड धरून ओढत होता. मी वर पाहिलं. त्यानं डाव्या हातानं पट्ट्याकडे बोट दाखवलं.

हा माणूस आयुष्यात कधी हट्ट सोडत नाही. असो. एका बाबतीत तरी आम्ही जोडा आहोत.

१३ जानेवारी, रविवार

पहाटेच उठले. ना वही, ना विचार. डोळे मिटून, हात जातील तसं ओवलं. ५-२-८-१-९-३-७-४-६. बांधला. मारली उडी.

त्यानं डोळे मिटले. ऐकत राहिला. मग तळवा उताणा केला. बरोबर!

मी आणखी पाच मिनिटं नाचले. तपासायला.

दुपारी वेलिच्को पट्टा घेऊन गेला. एकदा झटकला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कान खाजवला. बूट मात्र झटकून आत आला होता. संध्याकाळी मैदानात सुर्वाच्या शेकोट्या पेटल्या. मी खिडकी उघडी ठेवली. खोली गार झाली, पण कुणी तक्रार केली नाही.

१४ जानेवारी, सोमवार

सुर्वा. घरोघर टोळी. सकाळी ल्यूबेनला मी आणि रालित्सानं मिळून खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. चीज भरून बनित्सा भाजली, वाल शिजवले, राकियाची बाटली बाहेर काढली. फाटक सताड उघडं. रस्त्यावरच्या बायका थांबून थांबून बघत होत्या, जसं काही मी घरच विकायला काढलंय.

आली टोळी! पुढे वेलिच्को, मागे सोंगं: दाढीवाली नवरी ओठ रंगवून, पाद्री, अस्वल. आणि पंखांच्या मुखवट्यात तो भाचा, कंबरेला पट्टा. पहिल्याच उडीला रस्त्यातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. "ल्यूबेन! ल्यूबेनच्या घंटा!" गेनानं छातीवर क्रूस काढला, मग खिडकीत बसलेला ल्यूबेन दिसला तेव्हा माझ्या पाठीत धपाटा घातला.

अस्वल बर्फात लोळलं, नवरीनं माझा मुका घेतला. (दाढीला कांद्याचा वास.) वेलिच्को राकिया घेता घेता कानाशी येऊन म्हणाला, "बाई, रागावणार नसाल तर... पाच तारखेला हाच वाजत होता."

"तीन गुणांच्या मुलानं गप्प बसावं," मी म्हटलं. आणि त्याला दुसरा पेला दिला.

ल्यूबेन खिडकीतून सगळं बघत होता. पण टोळीकडे कमी. माझ्याकडे जास्त.

१५ जानेवारी, मंगळवार

वेलिच्कोचं बोलणं डोक्यातून जाईना. वही चाळली. चार तारीख: ५-२-८-१-९-३-७-४-६. तेरा तारीख: ५-२-८-१-९-३-७-४-६.

नऊ दिवस!

वही उघडी करून त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं वाचलं. खांदे हलायला लागले आणि मग आवाज आला — हसण्याचा, फाटका, घशातून, ऑक्टोबरनंतर पहिला आवाज. डोळे पुसले, खिडकीजवळच्या उजेडाकडे बोट दाखवलं आणि तळवा वर उचलला. उंच.

वेलिच्कोला फोन केलाय. पट्टा आजच्या आज परत आण.