काचेमागची चिठ्ठी

बाबा, तुमच्या मतपेट्या गेल्या. आता यंत्रं आहेत. बटण दाबलं की शेजारच्या डब्यात काचेमागे चिठ्ठी येते, आपण निवडलेलं चिन्ह काही क्षण दिसतं आणि ती खाली पडते. शिक्षकी मी तुमच्यासारखीच धरली, त्यामुळे निवडणुकीची ड्युटीही वारसाहक्कानं आली.

अकोल्याच्या आपल्या स्वयंपाकघरात, ड्युटीहून परतल्यावर, पिठलं-भाकर खाता खाता तुम्ही सगळं सांगत बसायचात. मतदानाआधी रिकामी पेटी उलटी करून दाखवायची, आणि उमेदवाराचा जो माणूस सगळ्यात जास्त कुरकुर करेल, त्यालाच आत हात घालायला लावायचा. मी म्हटलं, एवढं कशाला, तुमच्यावर कोण संशय घेणार? तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "लोकायले भरवसा ठेवा म्हनाचं नसते, पोरी. त्यायले दाखवाचं असते." मला रागच आला. मी तर कौतुक करत होते.

मागच्या निवडणुकीत हिवरखेडच्या बाजूला एका केंद्राची मी प्रमुख होते. सकाळी सगळ्या पक्षांच्या माणसांसमोर नमुना मतदान घेतलं. यंत्र आणि चिठ्ठ्या तंतोतंत जुळल्या. मी खुशीत होते. दुपारी एक म्हातारी मत देऊन बाहेर न जाता थेट माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, मी बटन येकाचं दाबलं अन् कागद दुसऱ्याचाच दिसला."

मी नियम सांगितला. आजी, लेखी द्या. मग सगळ्यांसमोर पुन्हा बटण दाबून बघू. पण तुमचं म्हणणं खोटं निघालं, तर शिक्षा होऊ शकते, तुरुंगसुद्धा. हे आधी सांगणं मला बंधनकारकच होतं.

"जेल? काहून? जे दिसलं तेच सांगून राहिली ना मी."

"जाऊ दे ना माय, डोये कमजोर झाले तुये," दारातला एक जण हसला. रांगही हसली. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली असावी. मग पदर सारखा करत म्हणाली, "बरं. नाही दिसलं मले काई."

यंत्र बरोबरच असेल, बाबा. मी आजही तसंच मानते. पण तिची पडलेली चिठ्ठी तिला पुन्हा दाखवायची सोय माझ्याकडे नव्हती, आणि भीती घालायची सोय मात्र होती. तुमच्या पेटीत हात घालणाऱ्यासमोर तुम्ही कधी तुरुंगाचं नाव घेतलं नाहीत. ती घरी काय घेऊन गेली असेल, या विचारानं मला अजून कसंतरी होतं. पुढच्या वेळी ती मतदानाला आली का, कोणाला विचारू?

यंदा ड्युटी नव्हती. इथे अमरावतीत साधी मतदार म्हणून गेले. बटण दाबलं आणि काचेकडे न बघताच बाहेर आले. दुसरंच चिन्ह दिसलं असतं, तर लेखी द्यायची हिंमत मला झाली नसती. तुम्ही असतात, तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं.