गाडी मागे गेली नाही

मुलुंड, शनिवार, १० मार्च १९५६

पास झाले! किती हेलपाटे घातले त्या ड्रायव्हिंगच्या टेस्टसाठी! दर वेळी तेच, "आज साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात या." त्यात विम्याचा एजंट म्हणतो, "बाई चालवणार? मग हप्ता वाढेल." का म्हणून? रात्री-अपरात्री नाहूरला बाळंतपणाला धावते ती मीच ना?

आज इन्स्पेक्टरांनी भर चढावावर गाडी थांबवायला लावली. पुन्हा सुरू करताना गाडी इंचभरही मागे गेली नाही. खरंच, इंचभरही नाही! ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, इथे भलेभले घसरतात."

घरी आले तर सासूबाई दारातच. माझ्या गाडी शिकण्याला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच. पास झाल्याचं सांगितलं, तर तडक आत गेल्या. वाटलं, रागावल्या. थोड्या वेळाने ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चल गं, जुहू दाखव मला. आणि हो, जरा जोरात चालव."