पथ्याचं सूप

मंगळवार, ४ मार्च
मेहुणीने आणलेलं सूप मोरीत ओतलं. तिच्यासमोर! पाकिटावर बारीक अक्षरांत सोडियम छापलेलं असतं, ते वाचायचे कष्ट कुणी घ्यायचे? सख्ख्या बहिणीच्या, माझ्या बायकोच्या, किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात, आणि ही प्रेमाने खारट पाणी पाजतेय. वर मलाच ऐकवते, "भाऊजी, ताई माणूस आहे, तुमच्या दुकानातला वजनकाटा नाही." काटा असती तर बरं झालं असतं. काटे मी दुरुस्त करतो — तेही कुणी न शिकवता.

बुधवार, ५
आजपासून सूप माझं. कोबी, गाजर सोलून पातळ चिरलं, कोमट पाण्यात भिजवलं, उकळलं, ते पाणी फेकलं. किडन्यांना न झेपणारं पोटॅशियम त्यात उतरतं. मग नव्या पाण्यात पुन्हा शिजवून गाळलं. दीडशे मिली — डॉक्टरांनी दिवसाला मोजून दिलेल्या पाण्यातून वजा. मीठसुद्धा साधं नाही, कमी सोडियमचं, चार दुकानं फिरून आणलेलं. हिने वाटी रिकामी केली. "छान झालंय." होणारच!

शनिवार, ८
मेहुणी आली होती. दारातूनच परत पाठवली. ही आतून बघत होती.

बुधवार, १२
रक्तात पोटॅशियम सहा पूर्णांक चार! डॉक्टरांनी तिथल्या तिथे भरती केलं. हृदय बंद पडू शकतं म्हणाले. माझ्या हातचं खाऊन? शक्यच नाही. मेहुणीला फोन लावला — माझ्या पाठीमागे काय भरवलंस? "तुम्ही हाकललंत, तेव्हापासून ताईचं तोंडही पाहिलं नाही मी." चोराच्या उलट्या बोंबा!

गुरुवार, १३
दवाखान्यातली आहारतज्ज्ञ, वयाने माझ्या मुलीएवढी. तिला माझी सगळी रीत सांगितली, भिजवण्यापासून गाळण्यापर्यंत. मान डोलवत होती. मग — "मीठ कोणतं घालता, काका?" छाती फुगवून सांगितलं. "त्यात सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियम घालतात." आवाजसुद्धा चढवला नाही. चढवायला हवा होता.
घरी येऊन पाकीट पालथं केलं. मागे छापलंय. समोरचं 'कमी सोडियम' वाचून मी थांबलो होतो. दुसऱ्यांची पाकिटं उलटसुलट करून वाचणारा मी!

शुक्रवार, १४
पोटॅशियम उतरलं. मेहुणीला फोन. दोनदा कापला. मग — "बोला भाऊजी, आज कोणता आरोप?" म्हटलं, चूक माझी. मिठातच होतं. मग म्हणाली, "मला काय सांगताय? ताईला सांगा."

रविवार, १६
हिला घरी आणलं. मिठाचं सांगून टाकलं. "कडवट लागायचं," म्हणाली, "पहिल्या दिवसापासून." अगं, मग बोलली का नाहीस?
"तुम्हाला सांगण्यापेक्षा पिणं सोपं होतं."