दोन बोटांचं काम

७ जानेवारी
मनासारखी खोली मिळाली. भूल देण्याच्या शिक्षणासाठी मला नेब्रास्कातल्या या गावच्या रुग्णालयात धाडलं आहे. घरून बर्फात दोन तासांचा रस्ता. बायको, आर्डिथ, म्हणाली, स्टिअरिंगवर डुलकी लागण्यापेक्षा तिथंच राहा, रविवारी प्रार्थनेला ये म्हणजे झालं. घरमालक ट्येडन पतिपत्नी, चर्चच्या ओळखीतले. व्हर्नाबाईंनी पोचताच चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल वाढले. ऑर्व्हलआजोबा म्हणाले, भूलवाले, हिला रोज थोडी द्या, मला पेपर तरी वाचता येईल. बाई म्हणाल्या, आधी यांचं घोरणं बंद करा.

९ जानेवारी
आजोबा दुपारी शेजारच्या खोलीत झोपतात. मधली भिंत नुसत्या फळ्यांची. घोरणं चढतं, अडतं, मग मोठा आचका देऊन सुटतं. रुग्णालयात शिकवणाऱ्या बाई सांगतात, श्वास अडला की आधी औषध नाही, हनुवटी. दोन बोटांनी वर उचला, जीभ बाजूला होते, वाट मोकळी. मी खेड्यातल्या एकखोली शाळेत शिकलेला माणूस. पन्नाशीला टेकल्यावर इतकं साधं आणि इतकं मोठं काही शिकायला मिळालं. देवाचे आभार मानले.

१४ जानेवारी
रात्रपाळी करून दुपारी आडवा झालो. व्हर्नाबाई बाजारात गेल्या होत्या. आजोबांचा श्वास अडला. मी ऐकलं. सुटेल आपोआप, म्हटलं. उशी कानावर दाबली आणि झोपलो.
आजोबा गेले.
बाईंनी विचारलं, काही ऐकू आलं का हो? मी नाही म्हणालो.

१८ जानेवारी
दफन झालं. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच वाढताना व्हर्नाबाई ज्याला त्याला सांगत होत्या, हे भूलवाले घरात होते, करण्यासारखं काही असतं तर यांनी केलंच असतं. पाद्र्यांनी माझा हात हातात घेतला. नंतर तो हात मला प्रार्थनेला जोडवेना.

२० जानेवारी
रिकाम्या खोलीतून घोरणं. दार उघडलं. पलंगावर चादर नीट घातलेली, आवाज उशीपाशी. अडला. हवेतच दोन बोटं धरली. त्यांवर काहीतरी टेकलं. हनुवटी. गार, दाढीचे खुंट. श्वास सुटला. बोटं काढली तर पुन्हा अडला.

२३ जानेवारी
खोली सोडली, घरून ये-जा सुरू केली. मागच्या सीटवर तोच श्वास. अडला. गाडी कडेला घेऊन, हात मागे नेऊन दोन बोटं धरून बसलो. पोचायला उशीर. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ही ये-जा झेपायची नाही तुम्हाला, वय बघा की जरा. खरं सांगायची लाज वाटली. परत खोलीवर.

२५ जानेवारी
व्हर्नाबाईंना सांगितलं. उशीचंसुद्धा. त्या ताट पुसत होत्या. ते कोरडं झालं तरी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, दमला असाल, झोपा जा. आपलं अंथरूण त्यांनी आजोबांच्या खोलीत हलवलं.
घोरणं थांबलं आहे.

२६ जानेवारी
दुपार. घोरण्यानं जाग आली. घोरत होतो तो मीच. जीभ मागे — स्वतःची हनुवटी उचलतो, बोटं निसटतात —
भिंत ठोकली. पलीकडे पलंग करकरला. बाई जाग्या आहेत. ऐकतायत.
हाक — आवाज फुटत —
उशी. पलीकडे उशी कानावर ओढून घेतल्याचा —