सोलून, उकडून, गाळून

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सफरचंदांची पेटी मिळाली असेल. चोवीस आहेत, बाबांना रोज एक. साल काढू नकोस हं. जवळजवळ निम्मा चोथा सालीतच असतो. पोट साफ राहतं, हृदयालाही बरं, शिवाय थोडं क जीवनसत्त्व. मी बरंच वाचलंय. बायको म्हणते, आता प्रबंधच लिहा.

बाबा कवळी बसवली की गिऱ्हाइकाला सफरचंद चावायला लावायचे, आठवतं? तुकडा तुटला की कवळी पास! आता त्यांनीच परीक्षा द्यावी म्हणावं.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

८ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पेटी मिळाली. तू लिहिलंस ते खरंच असेल, पण बाबांना साल चालत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली, तसं गिळणंही बिघडलंय. घास श्वासनलिकेत जातो. हे मागे कळवलं होतं, कदाचित नीट लिहिलं नसेल. मी सफरचंद सोलते, उकडते, गाळते. सालं मी खाते. घरात सगळ्यात साफ पोट माझंच.

बाबा दोन चमचे घेतात आणि ओठ मिटतात. वजन सहा किलो उतरलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, नाकातून नळी घाला. बाबांनी पाटीवर लिहिलं, नळी नको. खाली लिहिलं, सफरचंद, अख्खं.

तुझं मत कळव. फळाबद्दल नको, नळीबद्दल.

माया ठेव.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र चारदा वाचलं. तू करशील ते योग्यच. उकडल्यावर जीवनसत्त्व घटतं, पण मऊ चोथा बराचसा टिकतो, तोही उपयोगी असतो.

एवढं लिहिलं आणि लाज वाटली. ताई, नळीबद्दल मला काही सुचत नाही. सफरचंदाबद्दल निदान उत्तरं सापडतात. रजा मिळाली की निघतो. तोवर थांब.

रागावलीस तरी लोभ असू दे.

बारक्या

१६ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. थांबणं झालं नाही.

परवा मी त्यांच्या हातात अख्खं सफरचंद दिलं. चावा, पण थुंका, असं बजावलं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांनी चावलं, डोळे मिटून कितीतरी वेळ चघळलं. मी वाटी पुढे केली. त्यांनी गिळलं.

आता न्यूमोनिया आहे, इस्पितळात ठेवलंय. नळी घातलीय; सही माझी. ते विसरले, की त्यांनी ठरवलंच होतं? आणि मान हलवली तेव्हा माझा विश्वास बसला होता, की मला तो ठेवायचा होता? स्वतःला विचारून थकले.

नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्टीनं खाटेला बांधलेत. सिस्टर बाहेर गेल्या की मी उजवा हात सोडते आणि धरून बसते. आज त्यांनी तो नाकाकडे न्यायला सुरुवात केली. जोर फारसा नव्हता. मी धरून ठेवला.

लवकर ये.

तुझी,
ताई