डाव्या बाजूच्या पट्ट्या

प्रिय मानसी,

फोन केला असता, पण फोनवर मी कामापुरतंच बोलते, हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र.

आपली गुराब वाकली आहे. दोघींच्या पहिल्या पगारातून घेतलेलं ते जुन्या लढाऊ जहाजाच्या लाकडी मॉडेलचं किट, तेच. तुझ्या-माझ्या वडिलांनी, सख्ख्या भावांनी, जमीन वाटली, ओटीच्या मधोमध भिंत घातली, त्या आठवड्यात आपणही जहाज वाटलं होतं. उजवी बाजू माझी, डावी तुझी. सांगाडा उमरठला राहिला आणि डाव्या पट्ट्या तुझ्या बॅगेतून मुंबईला गेल्या. तेव्हा गंमत होती. मग ते दोघे बोलेनासे झाले, आणि हळूहळू आपणही.

मी माझी बाजू पूर्ण केली. किटच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे अशाच चिकटवायच्या. महाडच्या कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांचे भाग मापून नापास करते, तरी घरी आले की वाटणी म्हणजे वाटणी. गोंद सुकताना पट्ट्या ओढतात. समोरून ओढणारं कुणी नसल्यामुळे मधला कणाच माझ्याकडे झुकला. मोजला. सहा मिलिमीटर. तुझ्या आईने, काकीने, कुंपणावरून पाहून विचारलंच, "काय गो, तुझी होडी वळून कुठं चालली? आमच्याकडं पाठ करून?"

गेल्या रविवारी पट्ट्या सोडवायला बसले. गरम पाण्याचं फडकं ठेवलं की गोंद सुटतो, पण तोवर कणा कुणीतरी सरळ धरून ठेवावा लागतो. बाबांनी एक टोक धरलं. दुसरं घसरत होतं. तुझे बाबा, कोंडाजीकाका, अंगणातून बघत होते. "एकट्यानं होनार नाय ते," म्हणाले आणि चपला काढून आत आले. वाटणीनंतर पहिल्यांदा.

दोघे समोरासमोर, मध्ये जहाज. बोलणं मात्र माझ्यामार्फत. काका म्हणाले, "अनुपमा, त्याला सांग, एवढा जोर नको. मोडंल." बाबा म्हणाले, "त्यालाच सांग, वाकवतोय तो." मी फडकी बदलत राहिले. काकी चहा घेऊन आली, दोन कप. बाबांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "तिला विचार, तिचा कप कुठाय?" काकी हसली आणि तिथेच बसली.

कणा आता जवळजवळ सरळ आहे. पट्ट्या मी पुन्हा लावलेल्या नाहीत.

पत्राचं कारण हे. काल काका दारात उभे राहून मला म्हणाले, "बापाला विचार, शिमग्याला पालखी दोन दारांत कशाला फिरवायची?" बाबा आतूनच म्हणाले, "त्याला सांग, अंगण सारवून ठेवतो." अजून एकमेकांशी थेट शब्द नाही. पण पालखी यंदा एकाच अंगणात बसणार आहे, आणि तू नसलीस तर निरोप पोचवायला मी एकटी पुरणार नाही. शिमग्याला ये. डाव्या पट्ट्या आण. मी गोंद नवा आणला आहे. पहिली पट्टी तू लाव, मग मी.

वाट बघणारी,
तुझीच
अनुपमा