इंजिनात तेल नाही

आबा, परवा मी इमारतीच्या पार्किंगमध्ये पोतं अंथरून बसले आणि माझ्या स्कूटरचं इंजिन ऑइल बदललं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक जिन्यातून उतरता उतरता थांबले आणि म्हणाले, "मॅडम, या वयात हे कशाला? गॅरेजवाल्याला बोलवा की." मी म्हटलं, "गॅरेजवाला गार इंजिनाचं तेल काढतो. आणि तुम्ही कशाला थांबलात, तुम्हाला यातलं काय कळतं?" ते गेले. या माणसांना वाटतं बाईने पाना हातात धरला की तिला मदत हवी आहे. मला मदत नको होती. मला काहीच नको होतं. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, बंद केलं, खाली जुनं घमेलं सरकवलं, नट सोडला. तेल पातळ होऊन काळ्या दोरीसारखं खाली आलं. तुम्ही शिकवलं होतंत तसं अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहिलं, धातूची चमक आहे का म्हणून. नव्हती. तुमची आठवण आली, पण एखादा पत्ता आठवावा तशी आली. रडूबिडू आलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही आलं नव्हतं. माणसं जमली होती, मी आत जाऊन चहा टाकला होता.

तरी लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट मी इतकी वर्षं एकाच बाजूने सांगत आले आहे आणि आता ती सांगताना माझा आवाजसुद्धा बदलत नाही.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. तुम्ही लष्कराच्या मोटारवर्कशॉपमधून हवालदार म्हणून पेन्शनीत आलात आणि आष्ट्याजवळच्या आपल्या गावात लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप घेऊन आलात. तुमच्या बदल्यांपायी मला तुम्ही पाचगणीला नन्सच्या शाळेत ठेवलं होतंत. मी अकरावी मॅट्रिक होऊन घरी आले ती इंग्रजीतून विचार करत आणि सगळ्यांच्या व्याकरणाच्या चुका काढत. भावकीत मला 'मडम' म्हणायचे. मला त्याचा राग यायचा आणि आवडायचंही. त्या सुट्टीत तुम्ही मला जीपखाली घेतलंत. मुलगी म्हणून कुठलंही भाषण केलं नाहीत. नुसतं म्हणालात, "वेणी वर बांध, न्हाईतर फॅनमध्ये जाईल. आन् हातातल्या बांगड्या काढून ठेव." मग नट कसा सोडायचा, त्याच्याखालचं तांब्याचं वायसर दर वेळी नवं का घालायचं, बोटांनी घट्ट होईपर्यंत फिरवून मग पान्याने फक्त थोडं का दाबायचं. "जोर दाखवायला इथं कोण बसलंय? आटे गेले की सगळंच गेलं." काढलेलं तेल वाया जायचं नाही, थोडं बैलगाडीच्या आसाला, उरलेलं गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून. मी सगळं वहीत लिहून घ्यायचे. सांगलीच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमाला मुली घेतात असं तुम्हीच कुठूनतरी ऐकून आला होतात. तुम्हीच फॉर्म आणलात. फडताळात, तुमच्या पेन्शनच्या कागदांवर, तो फॉर्म ठेवलेला मला दिसतो आहे. सोमवार शेवटचा दिवस. पालकांची सही तेवढी राहिलेली.

त्याच्या आधीचा शुक्रवार. दुपार. आज पहिल्यांदा तुम्ही बाहेर खाटेवर बसला आहात आणि मी एकटी जीपखाली आहे. तेल काढून झालं, नट बसवला, बाहेर आले. तुम्ही नवा डबा उघडता, तर तळाशी चार बोटं तेल. बाकीचं तुमच्या धाकट्या भावाने, काकांनी, न सांगता विहिरीच्या इंजिनात ओतलं होतं आणि स्वतः सासुरवाडीला शिराळ्याला निघून गेले होते. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. उद्या सांगलीवरनं आणतो." स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "उद्या शनवार हाय."

"मग?"

"शनवारी तेल घरात येणार न्हाई."

"अगं, हे इंजिनाचं तेल. ह्याची भजी तळायची न्हाईत."

"तेल ते तेल. आयतवारी आणा. एक दिस गाडी हुबी राहिली तर काय लढाई हराय लागलाय का तुमी?"

मला वाटलं तुम्ही हसाल आणि सकाळच्या एस्टीने जाल. अमावास्या, मुंगूस, मांजर, कशालाच तुम्ही मानलं नव्हतं. पण तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मिचकावलात. "पलटणीत कवा हुकूम मोडला न्हाई, आता कुठं मोडू? पाटी लाव स्टिअरिंगला. आमच्या वर्कशॉपात तेल काढलेल्या गाडीला पाटी नसली की सात दिवस पिट्टू परेड, पाठीवर वझं घिऊन पळायचं."

मी वहीचा पुठ्ठा कापला. लाल शाईने, सिस्टरनी तीन वर्षं फूटपट्टीने बोटं फोडून घोटवून घेतलेल्या त्या तिरक्या, जोडून लिहायच्या इंग्रजी अक्षरात लिहिलं की इंजिनात तेल नाही, गाडी सुरू करू नये. सुरुवातीला 'काइंडली' घातलं. शेवटच्या अक्षराला शेपटी काढली. तुम्हाला दाखवलं. तुम्ही पुठ्ठा लांब धरून वाचलात आणि म्हणालात, "झकास! आमच्या मेजरसायबांना दाखवावं असं अक्षर हाय." हे तुमचे शब्द आहेत, आबा. यातला एकही मी पदरचा घातलेला नाही.

शनिवारी सकाळी तुम्ही उसाला पाणी सोडायला गेला होतात. मी न्हाणीत केस धूत होते, डोक्याला शिकेकाई, डोळे मिटलेले. जीपचा आवाज आला. मला आधी तो आवडला, हे किती मूर्खपणाचं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं म्हणून बरं वाटलं. मग कळलं. टॉवेल डोक्याला गुंडाळून मी अंगणात आले तेव्हा धूळ खाली बसत होती आणि पाटी चुलाण्याजवळ पडली होती. काका शिराळ्याहून परत आले होते, आष्ट्याला खताची पोती आणायला गेले होते. मी रस्त्यापर्यंत पळाले. ओल्या केसांनी पळणारी मडम पाहून देवळाच्या पारावरची माणसं काय हसली असतील ते मी पाहिलं नाही.

जीप ओढ्याच्या उतारापर्यंत गेली. तिथे इंजिन आधी खडखडलं, मग ओरडलं, मग जाम झालं. दुपारी ती घरी आली ती दोन बैल जुंपून. काका स्टिअरिंगवर बसलेले, पोरं मागून ढकलत, आणि कोणीतरी "हळू, हळू, पेट्रोल सांडंल!" म्हणून ओरडलं. तुम्ही शेतातून आलात, झाकण उचललंत, तेल मोजायची पट्टी काढून पाहिलीत, पुसलीत, परत घातलीत. काकाच बोलले. "मला काय स्वप्न पडलंय व्हय दादा? पाटी हुती, न्हाई म्हणत न्हाई. पर त्यावर इंग्रजी. मला वाटलं तुमच्या मिल्ट्रीचा काय परवाना असंल. मराठीत लिवलं असतं तर मी काय आंधळा हाय? चौथी पास हाय मी!" माणसं हसली. काकासुद्धा हसले. मी म्हणाले, "आबांनी वाचली होती पाटी. त्यांनी चांगली म्हटलं होतं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "पाटी कुणी वाचायची आसती? मी? मला तर ठावंच हुतं." मग सगळ्यांसमोर, "आजपासनं यंत्राला हात लावायचा न्हाई."

एवढंच. हात उगारला नाहीत, आवाज चढवला नाहीत. तेच मला आजही सहन होत नाही. तेल पळवलं काकांनी. शनिवार पाळला आईने. वाचूनही गप्प राहिलात तुम्ही. आणि यंत्रावरचा हात काढला तो माझा. सोमवार आला आणि गेला. फॉर्म फडताळात तसाच. मी मागितला नाही, तुम्ही दिला नाहीत. आई भाकरी वाढताना एकदा म्हणाली, "सही करा की वं," आणि तुम्ही म्हणालात, "बघू." मला काही वाटलं नाही. मी सांगलीला कला शाखेला गेले, बी.ए. झाले, सातारच्या सरकारी कचेरीत लागले आणि तिथेच निवृत्त झाले. हाताखालच्या कारकुनांच्या नोटिसा मी परत पाठवायचे, "ही गावातल्या म्हातारीला वाचून दाखवा, कळली तर माझ्याकडे आणा," म्हणून. ते मला पाठीमागे काय म्हणायचे ते ठाऊक आहे. पण माझ्या टेबलावरून गेलेली नोटीस कोणाला कळली नाही असं कधी झालं नाही. तुमचं बोलणं बरोबर होतं, आणि ते तुम्ही शुक्रवारी बोलायला हवं होतंत.

निवृत्तीच्या समारंभात मी हे सगळं सांगितलं. वडिलांनी इंजिनियर होऊ दिलं नाही, एका पाटीपायी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. भाच्यांना सांगितलं, त्यांच्या मुलींना सांगितलं. शेवटी एक मुलगी नेहमी विचारते, "मग तुम्ही परत का नाही विचारलं त्यांना?" मी म्हणते, त्या काळी विचारायची पद्धत नव्हती.

विचारायची गरजच नव्हती. पुढच्या वर्षी जूनमध्ये तुम्ही सांगलीला गेलात आणि माझ्या कॉलेजच्या वसतिगृहाच्या दारात येऊन उभे राहिलात. आत आला नाहीत, मुलींचं वसतिगृह म्हणून. धोतराला चिखल. पिशवीतून नवा फॉर्म काढलात. पालकांच्या रकान्यात तुमची सही आधीच केलेली. "भर," म्हणालात. "मुदत हाय अजून." मी म्हणाले, "मला ग्रीसचा वास सहन होत नाही आता." तुम्ही फॉर्मची घडी घातलीत, नीट, चार पदरी, आणि म्हणालात, "बरं. एस्टीची येळ झाली." मी फाटकापर्यंतही आले नाही.

तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत. आईला तरी सांगितलंत का, मला कळलं नाही. ती मरेपर्यंत तुमच्यावरच रागावलेली होती त्या सहीवरून, आणि मी तिला रागावू दिलं. आता ठाऊक असणारी मी एकटी. पुढच्या रविवारी भाची तिच्या मुलीला घेऊन येणार आहे. तिला अभियांत्रिकीला जायचं आहे, आणि माझी गोष्ट ऐकायची आहे. मी तिला तीच सांगणार आहे, आबा, रस्त्यापर्यंत पळण्याची, बैलांची, टाळ्या मिळतात ती. दुसरी मला तोंडाने सांगता येईलसं वाटत नाही.